रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला की सपाट का दिसतो?

पायवाट

नमस्कार मंडळी, इथे फोटोग्राफीतले बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर हलके घ्या.

माझ्याकडे डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेले भरपूर रंगीत फोटो आहेत, त्यातले काही ब्लॅक अँड व्हाईट करायचेत. पण सॅच्युरेशनचा (रंगांच्या तीव्रतेचा) स्लायडर शून्यावर नेला की फोटोतला जीवच जातो. उदाहरण देतो. एका फोटोत लाल स्वेटर घातलेली बाई उभी आहे, मागे दाट हिरवं झुडूप. रंगीतमध्ये नजर थेट स्वेटरवर जाते. ब्लॅक अँड व्हाईट केला की स्वेटर आणि झुडूप दोन्ही एकाच राखाडी छटेचे, बाई झुडपातूनच उगवल्यासारखी दिसते, नुसता चेहरा आणि हात तेवढे वेगळे. कॉन्ट्रास्ट वाढवून बघितला तर चेहरा पांढराफटक पडतो आणि स्वेटर-झुडूप काही सुटत नाही ते नाहीच. दुसऱ्या फोटोत निळं आकाश आणि छान पांढरे ढग आहेत, तिथे तर ढग कुठे आणि आकाश कुठे तेच कळत नाही.

तर सॅच्युरेशन शून्य करणं ही पद्धतच चुकीची आहे का, की हे फोटोच ब्लॅक अँड व्हाईटच्या लायकीचे नाहीत? कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड असतो, त्यावरच थेट काढावेत का? आणि यासाठी रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) लागतंच का, कारण माझे जुने फोटो सगळे जेपीईजी आहेत. कॉम्प्युटरवर गिम्प वापरतो, फोनवर स्नॅपसीड आहे. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचा सध्या विचार नाही.

तिवई

फोटो लायकीचे आहेत हो, पद्धत आळशी आहे :)

रंगीत फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये उरतो एकच. तिनाचा एक करायचा तर कुठलंतरी सूत्र लागणार, आणि सॅच्युरेशन शून्य केलं की ते सूत्र सॉफ्टवेअर परस्पर ठरवून टाकतं, त्याला काय माहीत तुम्हाला स्वेटर महत्त्वाचा आहे ते. सगळ्यात जास्त चालणारं सूत्र म्हणजे लालाचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के. हे टीव्हीच्या दुनियेतून आलंय, आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ आणि निळा सगळ्यात मंद वाटतो त्यावर बेतलेलं.

आता तुमचा फोटो घ्या. समजा स्वेटर आहे लाल २००, हिरवा ६०, निळा ६०. झुडूप समजा लाल ६०, हिरवा १३०, निळा ६०. गुणाकार करून बघा. स्वेटर येतो १०२ आणि झुडूप १०१. संपलं! रंगीतमध्ये एकमेकांच्या पार विरुद्ध असलेले दोन रंग एका आकड्याच्या फरकावर आले, आता कॉन्ट्रास्ट कितीही ताणा, १०१ आणि १०२ एकमेकांना सोडणार नाहीत.

पण तेच तीन आकडे, म्हणजे तीन चॅनल, वेगवेगळे बघा. नुसता लाल चॅनल घेतला तर स्वेटर २०० आणि झुडूप ६०, म्हणजे उजळ स्वेटर, मागे काळोखी पानं. नुसता हिरवा घेतला तर स्वेटर ६० आणि झुडूप १३०, बरोब्बर उलटं. नुसता निळा घेतला तर दोन्ही ६०, पुन्हा गुळाचा गणपती. एकाच फाइलमध्ये हे तीन वेगळे ब्लॅक अँड व्हाईट फोटो आधीपासून पडलेले असतात, आपण फक्त कुठला किती घ्यायचा ते ठरवायचं.

गिम्पमध्ये कलर्स मेन्यूत मोनो मिक्सर म्हणून आहे. तिथे तीन स्लायडर मिळतात. साधारण तिघांची बेरीज १ म्हणजे १०० टक्के ठेवली की एकूण उजेड फारसा हलत नाही. तुमच्या फोटोला सुरुवात म्हणून लाल ७०, हिरवा ३०, निळा ० लावून बघा, माझ्या हिशोबाने स्वेटर १५८ आणि झुडूप ८१ येईल. आधी तिन्ही चॅनल नुसते बघायचे असतील तर त्याच मेन्यूत डीकंपोज आहे, ते तीन राखाडी लेयर (थर) काढून देतं. मी कुठल्याही फोटोला आधी हेच करतो, दहा सेकंदात कळतं कुठल्या चॅनलमध्ये काय दडलंय.

गिम्पच्या डीसॅच्युरेटमध्येसुद्धा पाच पर्याय आहेत ते बहुतेक लोक बघतच नाहीत, ल्युमिनन्स, ल्युमा, लाइटनेस, ॲव्हरेज, व्हॅल्यू. पाचही वेगळी सूत्रं आहेत. यातला लाइटनेस जरा जपून, तो सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याची सरासरी काढतो, त्यामुळे शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच मधल्या राखाडीवर येऊन बसतात. पिवळा आणि निळा! डोळ्याला यातला एक लख्ख दिसतो आणि एक जवळजवळ काळा. फोटोशॉपची डीसॅच्युरेट कमांडही हेच करते.

मोनोक्रोम मोडबद्दल: त्यात नुसतं जेपीईजी काढलंत तर रंग कायमचे गेले, नंतर हे काहीच करता येणार नाही. रॉ अधिक जेपीईजी ठेवा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाईट दिसेल आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतील. जुन्या जेपीईजींना हे सगळं चालतं, फक्त फार ताणू नका.

झटपट

तिवई यांनी सविस्तर लिहिलंच आहे, +१. फोनवर करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाईट टूल उघडा, त्यात रंगीत गोळ्यांचा एक पर्याय आहे, न्यूट्रल, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. आपण जे मोनो मिक्सरमध्ये करतो त्याचंच तयार रूप आहे ते. लाल गोळी दाबली की लाल गोष्टी उजळणार आणि हिरव्या-निळ्या काळवंडणार. एकेक दाबत जायचं आणि बघायचं, गणित वगैरे काही नको. मी तर नव्वद टक्के फोटो तिथेच उरकतो. रंग काढून टाकणाऱ्या तयार फिल्टरांच्या नादाला मात्र लागू नका, ते रंग काढतात, वर कॉन्ट्रास्ट मारतात आणि कडा काळ्या करतात, म्हणून पहिल्या नजरेला भारी वाटतं, नंतर सगळे फोटो एकाच छापाचे.

डार्करूम

वाचून मजा वाटली, कारण ही सगळी भानगड फिल्मच्या काळात कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या आधी निस्तरायला लागायची. लेन्सवर रंगीत काच लावायची, पिवळी, नारिंगी, लाल किंवा हिरवी. नियम एकच, काचेचा जो रंग तो फोटोत उजळणार आणि त्याच्या विरुद्धचा गडद होणार. लाल काच लावली की निळं आकाश काळपट येतं कारण आकाशाकडून येणारा उजेड मुख्यतः निळा, तो काच अडवते, आणि ढग पांढरे म्हणजे त्यांच्यात सगळेच रंग, त्यातला लाल सरळ आत येतो. पायवाट, तुमचे गायब झालेले ढग तिथेच आहेत, लाल चॅनल बघा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. आकाश निळं असेल तरच हे चालतं. धुरकट, पांढुरक्या आकाशात तिन्ही चॅनल जवळपास सारखेच असतात, तिथे लाल काय आणि हिरवा काय, हाती काही लागत नाही. लोक मग स्लायडर टोकाला नेऊन बसतात आणि म्हणतात होत नाही. वेगळं करायला मुळात रंगात फरक तर हवा.

अजून एक. उन्हातल्या सावल्यांवर सूर्याचा थेट उजेड नसतो, त्यांच्यावर पडतो तो आकाशाचा निळा उजेड. त्यामुळे लाल फिल्टर, किंवा तुमचा लाल चॅनल, आकाशाबरोबर सावल्याही गडद करतो. डोंगर, खडक, जुन्या भिंती यांना ते फार शोभतं, माणसाच्या डोळ्यांखालच्या सावलीला अजिबात नाही.

१९२७ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो काढला तो सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिला असेल, काळंभोर आकाश आणि त्यापुढे उभा कडा. आधी त्याने पिवळा फिल्टर लावून एक प्लेट घेतली, मग मनात आलं की कडा जसा वाटतोय तसा यात येणार नाही, म्हणून उरलेल्या शेवटच्या काचेच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावला, रॅटन २९ नंबरचा. आकाश प्रत्यक्षात काही काळं नव्हतं. आता कोणी सॉफ्टवेअरमध्ये तेच केलं की लोक म्हणतात हे खोटं आहे. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

त्याच्याही आधीची फिल्म तर लाल रंग बघायचीच नाही, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणायचे तिला. जुन्या फोटोंत ओठ काळे आणि चेहऱ्यावरचे लालसर डाग ठसठशीत दिसतात ते त्यामुळे. कोणाला तो जुनाट लूक हवा असेल तर मिक्सरमध्ये लाल शून्य करा आणि हिरवा-निळा वाढवा, कुठलाही प्रीसेट लागत नाही.

पायवाट

बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे.

आज बसून करून बघितलं. स्वेटरवाला फोटो ७०-३०-० ला एकदम सुटला, बाई झुडपाच्या बाहेर आली :) उलटंही करून बघितलं, हिरवा जास्त आणि लाल कमी, तर गडद स्वेटर आणि मागे उजळ पानं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त आवडलं, चेहरा त्यात जास्त शांत वाटतो.

आकाशवाल्या फोटोत मात्र घोळ झाला. लाल वाढवला तर ढग आले, पण मला आणखी गडद हवं होतं म्हणून लाल बराच वर नेला आणि निळा शून्याच्या खाली. आकाश झालं गडद, पण आता त्यात चौकोनी चौकोनी ठिपके दिसताहेत, दाणे पण खूप आलेत, आणि झाडाच्या कडेने एक पांढरी रेघ आली आहे जी आधी नव्हती. डार्करूम काकांनी सांगितलं तसं आकाश निळंच आहे, धुरकट नाही. मग हे काय?

पिक्सेलमोजणी

हे माझ्या आवडीचं खातं.

तीन वेगवेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी. चौकोन आलेत ते जेपीईजीमुळे. जेपीईजी फोटोला ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत कापून दाबतं, आणि उजेडाची माहिती नीट जपतं पण रंगाची माहिती बऱ्याचदा आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी करून ठेवतं, कारण रंगीत फोटोत डोळ्याला ते कळत नाही. तुम्ही लाल आणि निळा यांची वजाबाकी करायला लागलात की ती लपवलेली कंजुषी उघडी पडते. रॉमध्ये हा भाग नसतोच, म्हणून ताणायचं असेल तर रॉ हवं.

दाणे आलेत ते सेन्सरच्या रचनेमुळे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बायर फिल्टर असतो, कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ चं पेटंट, त्यात दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. म्हणजे हिरव्याकडे माहिती दुप्पट. त्यातून पिवळ्या दिव्याखाली फोटो काढला असेल तर निळा उजेड मुळातच कमी असतो आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाची झाक काढणारी सेटिंग) त्याला ओढून वर आणतो, दाण्यांसकट. म्हणून निळा चॅनल जवळजवळ नेहमी सगळ्यात घाण. त्याला वाढवा किंवा वजा करा, घाण तेवढीच येते, कारण वजाबाकीने दाणे वजा होत नाहीत, भरच पडते. आणि लाल शंभराच्या वर नेलात की त्याचे दाणेही तेवढ्याच पटीने फुगतात.

पांढरी रेघ दोन कारणांनी येते. एक तर लेन्सचा रंगदोष, म्हणजे कडेला जांभळी-हिरवी किनार असते ती, रंगीतमध्ये ती डोळ्याआड होते, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये त्या जांभळ्याचं काहीतरी वेगळंच राखाडी बनतं आणि रेघ दिसते. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याने जेपीईजीत आधीच मारलेलं शार्पनिंग. तिसरंही धरा हवं तर, झाडाच्या कडेच्या पिक्सेलमध्ये थोडं आकाश आणि थोडं पान मिसळलेलं असतं, ते धड निळं नसतं, त्यामुळे आकाश गडद होतं आणि ती कड मागे उजळ राहून जाते.

आता करायचं काय. लेन्सचा रंगदोष आणि रंगाचे दाणे हे दोन्ही फोटो रंगीत असतानाच काढा, रूपांतर केल्यावर ते रंग म्हणून ओळखूच येत नाहीत. मग मिक्सर हलकाच लावा, शून्याच्या खाली शक्यतो जाऊच नका. उरलेला गडदपणा मिक्सरमधून नको, वर एक लेयर घ्या, कर्व्ह (उजेड-अंधार बदलायची रेषा) खाली ओढा आणि मास्कवर (लेयरचा कुठला भाग लागू व्हावा ते ठरवतो तो) वरून खाली ग्रेडियंट मारा, म्हणजे आकाशाचा माथा गडद आणि क्षितिजाकडे उजळत येईल, खऱ्या आकाशातही तसंच असतं. झाडाच्या कडेला मास्क मऊ ठेवा. किंवा दोन वेगळी रूपांतरं करा, एक आकाशासाठी आणि एक जमिनीसाठी, आणि मास्कने जोडा. अख्ख्या फोटोला एकच मिश्रण लावायचं असं कोणी सांगितलंय?

आणि सुरुवातीलाच इमेज मेन्यूतल्या प्रिसिजनमध्ये जाऊन फाइल १६ बिट करून घ्या. ८ बिटमध्ये राखाडीच्या सगळ्या मिळून २५६ पायऱ्या, त्यातल्या आकाशाच्या वाट्याला येणार पाचपन्नास, त्या कर्व्हने ताणल्या की पट्टे दिसणार. जेपीईजी १६ बिट केल्याने नवीन माहिती येत नाही हे खरं, पण पुढच्या प्रत्येक पायरीला होणारी काटछाट वाचते. तरीही पट्टे दिसलेच तर शेवटी अगदी बारीक ग्रेन टाका, पट्टे मोडतात.

खिडकीजवळ

एवढे आकडे वाचून नवीन माणूस पळून जाईल हो!

मी माणसांचेच फोटो काढते त्यामुळे चेहऱ्याबद्दल सांगते. कातडीचा रंग कुठलाही असो, गोरा, सावळा, काळा, त्यात लाल-नारिंगीच जास्त असतो. म्हणून लाल चॅनलमध्ये चेहरा उजळ आणि गुळगुळीत येतो, पुटकुळ्या, लालसर डाग दिसेनासे होतात. ऐकायला छान वाटतं पण लाल जास्त झाला की ओठ पण चेहऱ्यात विरघळून जातात आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो. निळ्यात उलटं, प्रत्येक छिद्र, प्रत्येक डाग, सुरकुती. हिरवा चॅनल मधला, ओठांना आकार राहतो, गालाला गोलाई राहते, आणि तिवई म्हणाले तसं दाणेही कमी (की ते पिक्सेलमोजणी म्हणाले? कोणीतरी म्हणालं). मी सुरुवात हिरव्यापासून करते आणि त्यात थोडा थोडा लाल मिसळत जाते, चेहरा बोलायला लागला की थांबते. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्याच दाखवायच्या असतील तर लाल जवळजवळ काढूनच टाकते. पायवाटला गडद स्वेटरवाला फोटो जास्त आवडला त्याचं कारण मला वाटतं स्वेटर नाहीच, हिरवा वाढवल्यामुळे चेहऱ्याला उतार-चढाव आले असणार.

ज्यांच्याकडे लाइटरूम आहे त्यांना तिथे तीनऐवजी आठ रंगांचे स्लायडर मिळतात, त्यात नारिंगी म्हणजे कातडी असं समजून चाला. फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाईट लेयरमध्ये सहा आहेत, तिथे कातडी लाल आणि पिवळ्यात वाटली जाते. फुकटात हवं असेल तर डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलला ग्रे नावाचा टॅब आहे, तो मोनो मिक्सरसारखाच.

आणि एक गंमत करून बघा, रूपांतराच्या खालच्या रंगीत लेयरचा व्हाइट बॅलन्स हलवा. थंड-गरम करत गेलात की ब्लॅक अँड व्हाईटमधल्या छटा सरकतात. कधी कधी मिक्सरपेक्षा तेच सोपं पडतं, एकाच स्लायडरचं काम.

तिवई

@खिडकीजवळ, आकडे मी एकदाच लिहिले, कारण कॉन्ट्रास्ट वाढवून फरक का पडत नाही हे आकड्याशिवाय पटत नाही :) रोज कोण गुणाकार करत बसतंय. बाकी चेहऱ्याबद्दल पूर्ण सहमत, हिरव्यापासून सुरुवात हा सल्ला माझ्या ७०-३० पेक्षा बरा आहे, मी फक्त स्वेटर बघत होतो.

व्हाइट बॅलन्सवाली युक्ती मात्र रॉवर जशी चालते तशी जेपीईजीवर चालत नाही, तिथे पल्ला कमी.

डार्करूम

एक राहिलं. तुम्ही सगळे रूपांतरावरच अडकलाय. मिक्सरमधून जे बाहेर येतं ती आमची साधी पहिली प्रिंट समजा, खरं काम त्यानंतर. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) हाताने उजेड अडवून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्याला जास्त उजेड देऊन गडद करायचा, डॉज आणि बर्न ते हेच. रंगीत फोटोत नजर कुठे जावी ते रंग सांगतो, इथे ते काम उजेडाला करायचंय. गिम्पमध्ये वर एक लेयर घ्या, ५० टक्के राखाडीने भरा, मोड सॉफ्ट लाइट. त्या लेयरवर मऊ ब्रश घ्यायचा, ओपॅसिटी पाच-दहा टक्के, त्याहून जास्त नको, पांढऱ्याने जिथे नजर हवी तिथे आणि काळ्याने जिथे नको तिथे फिरवायचं. फोटोच्या कडेला काही पांढरं लुकलुकत असेल, एखादा कागद, पाटी, तर ते आधी दाबा, नजर तिकडेच पळते. चुकलं तर तो भाग परत राखाडीने रंगवा, मूळ फोटोला धक्का लागत नाही.

आणि काही फोटो नाहीच होत ब्लॅक अँड व्हाईट. सूर्यास्त, फुलांचा ताटवा, जिथे रंग हाच विषय आहे तिथे रंग काढून काय उरणार? उलट उजेड एका बाजूने पडलाय, पोत आहे, आकार ठळक आहेत, तो फोटो तुम्ही कुठल्याही सूत्राने करा, उभा राहतो. डोळे किलकिले करून बघा, रंग मंदावतात आणि नुसते उजेड-अंधाराचे ठोकळे दिसतात, त्यात जर काही दिसलं नाही तर सोडून द्या, रंगीतच ठेवा.

झटपट

काका, मग तो नुसता ब्लॅक अँड व्हाईट सेन्सरचा कॅमेरा येतो तो घेतला की सगळी कटकट मिटेल ना? 😀

पिक्सेलमोजणी

काकांच्या आधी मीच उत्तर देतो. लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम काढला, पेंटॅक्सनेही २०२३ मध्ये के-३ मार्क ३ मोनोक्रोम काढला. त्यांच्या सेन्सरवर बायर फिल्टर नाही, प्रत्येक पिक्सेल सगळा उजेड घेतो, त्यामुळे बारकावे जास्त आणि कमी उजेडात दाणे कमी, फरक खरोखर दिसतो. पण रंगाची माहिती मुळात नोंदलीच जात नाही, म्हणजे या धाग्यात वर जे जे सांगितलंय त्यातलं मिक्सर, चॅनल, काही म्हणजे काही नंतर करता येत नाही. लाल स्वेटर आणि हिरवं झुडूप एकत्र आले तर आलेच. मग काकांची रंगीत काच लेन्सवर चढवायची, तीही फोटो काढायच्या आधी. कटकट मिटत नाही, आधी करायला लागते एवढंच.

पायवाट

आकाश जमलं! मिक्सर हलका ठेवला आणि वर ग्रेडियंटवाला कर्व्ह, रेघ पण गेली (रंगदोष आधी काढला). पट्टे थोडे होते ते ग्रेनने गेले.

शेवटचा प्रश्न, मागे एकदा ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट करून आणली होती ती चक्क हिरवट आली होती, स्क्रीनवर तसं काही नव्हतं. फाइलमध्येच काही गडबड असते का?

खिडकीजवळ

फाइल तपासायची असेल तर कलर पिकरने दोन-चार ठिकाणी क्लिक करा, तिन्ही आकडे सगळीकडे सारखे येत असतील तर फाइल निर्दोष. मग दोष छपाईचा. साध्या इंकजेटमध्ये राखाडी रंग बनवायला निळसर, गुलाबी, पिवळी अशा शाया मिसळतात, त्यांचं प्रमाण जरा हललं की राखाडीला झाक येते, कधी हिरवी, कधी गुलाबी. रंगीत फोटोत एवढी झाक कोणाच्या लक्षात येत नाही, इथे लगेच डोळ्यात भरते. शिवाय काही प्रिंट एका दिव्याखाली बरोबर दिसतात आणि खिडकीत नेल्या की हिरव्या, तोही शायांचाच गुण. ज्या प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर दोन-तीन राखाडी शाया वेगळ्या असतात त्यात हे बरंच कमी होतं, तर प्रिंट करणाऱ्याला आधी ते विचारा. लॅबला देत असाल तर फाइल ग्रेस्केल मोडमध्ये न देता आरजीबीमध्येच (लाल-हिरवा-निळा) एसआरजीबी प्रोफाइलसकट (रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) द्या, काही ठिकाणी ग्रेस्केल फाइल नीट वाचली जात नाही आणि प्रिंट जास्त गडद किंवा फिकट येते.

आणि मुद्दाम अगदी थोडी उबदार झाक दिलीत, सेपिया नाही हं, दिसेल न दिसेल एवढीच, तर बारीकसारीक हिरवटपणा त्यात झाकला जातो. मोठी प्रिंट काढायच्या आधी त्याच कागदावर एक छोटी पट्टी काढून घ्या, चेहरा आणि आकाश दोन्ही येतील अशी, आणि ती दिवसाच्या उजेडात बघा.